जोडीदार म्हणा

कंपनीचा माणूस आला तेव्हा वहिनी ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत होती. दार उघडंच होतं. त्याच्या हातात ओली छत्री होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ती दोन्ही पायांच्या मध्ये उभी धरली आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

तिला वहिनी असं सगळेच म्हणत. नणंद म्हणायची, शेजारी म्हणायचे, नवऱ्याच्या कामावरची माणसं म्हणायची. नवरा भावंडांत धाकटा, म्हणून घरी बारक्या. अंगाने काडी, म्हणून कामावरही बारक्याच. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्याची अर्धी जिंदगी गेली होती. पुढची अर्धीही तिथेच जायची, पण ती आधीच संपली.

"तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता," कंपनीचा माणूस म्हणाला. "पण चौकशी लागली आहे. सरकारी. अशा प्रसंगी लागतेच. त्याआधी दोन शब्द बोलून घ्यावेत म्हणून आलो."

वहिनीने मान हलवली. ताट पुसून झालं होतं, तरी ती ते पुसत राहिली.

"मिस्त्रींचं आणि त्यांचं फार चांगलं होतं म्हणे. जोडीदारच म्हणायचे ना मिस्त्री त्यांना?"

"हो."

"म्हणजे हाताखालचा वगैरे असं काही नव्हतं?"

"नाही," वहिनी म्हणाली. "जोडीदार. सगळ्यांसमोर जोडीदारच म्हणायचे."

हे बोलताना तिची मान किंचित ताठ झाली. बारक्या गेल्यापासून तिला कशाचं काही वाटत नव्हतं. जेवणात मीठ कमी की जास्त तेही कळत नव्हतं. पण हे एक वाक्य बोलताना छातीत काहीतरी जरासं हललं, जुन्या सवयीने हलावं तसं. माणसाने समाधानाने मान डोलावली, पाणी प्यायला, आणि छत्री घेऊन निघून गेला. जमिनीवर पाण्याचं छोटं तळं राहिलं. ते तिने पुसून घेतलं.

संध्याकाळी ताई आली. ताई म्हणजे थोरली नणंद. कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसण्यात तिचं आयुष्य गेलेलं. वकिलांच्या संगतीत राहून ती अर्धी वकील झाली होती; उरलेली अर्धी जन्मतःच भांडखोर होती. भाऊ गेल्यापासून रोज येऊन वहिनीकडे बसायची, स्वतः रडायची आणि वहिनी रडत नाही म्हणून काळजी करायची.

"कोण आलं होतं?" तिने विचारलं. तिला शेजारच्यांनी सांगितलंच होतं.

वहिनीने सगळं जसंच्या तसं सांगितलं. ताईने आधी डोळे मिटले, मग कपाळावर हात मारला.

"वहिनी, अगं काय करून बसलीस!"

"काय केलं?"

"अगं, बारक्या मिस्त्रीच्या हाताखालचा असेल, तर त्याला वर कोणी पाठवलं हे विचारावं लागतं. जोडीदार म्हटलं की कोणी पाठवायचा प्रश्नच येत नाही. आपल्या मनाने गेला. आणि आपल्या मनाने गेला म्हणजे आपल्या चुकीने मेला. कळतंय का तुला? तेवढं एक वाक्य न्यायला आला होता तो मेला. घेऊन गेला!"

वहिनीने ते ऐकलं. सगळे शब्द कळले. त्यांचा अर्थही लागला. ताट फडताळात उभं करून ती म्हणाली, "पण जोडीदार म्हणा, असं मिस्त्रींना मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "माझ्याच पोरीच्या लग्नात."

मिस्त्री आडव्या अंगाचा माणूस. पंजे असे की पाना त्यात चमच्यासारखा दिसायचा. मिसरूड फुटलेला बारक्या त्यांच्याकडे आला तेव्हापासून त्यांनी त्याला सगळं शिकवलं. लिफ्टच्या आवाजावरून दुखणं कसं ओळखायचं, दोराला ग्रीस किती लावायचं, कोणत्या इमारतीचा वॉचमन चहा पाजतो. पोट सुटल्यावर मिस्त्रींना लिफ्टच्या डब्याच्या छतावर चढणं जमेना. तेव्हापासून ते खाली दारापाशी थांबत आणि बारक्या वर जाई. दोघांच्या हाकांवर काम चाले. कोणाशी ओळख करून देताना मिस्त्री त्याच्या खांद्यावर तो अजस्र पंजा ठेवून म्हणायचे, "हा बारक्या. माझ्या हाताखालचा." त्यात कौतुकच असायचं. बारक्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. खरंच तर होतं, हात खांद्यावर आणि बारक्या त्याच्याखाली.

भाचीच्या लग्नात मिस्त्रींनी नवऱ्या मुलाच्या एका काकांशी त्याची अशीच ओळख करून दिली. "हा बारक्या, माझ्या हाताखालचा. फार हुशार आहे बरं!" काकांनी हसून मान डोलावली आणि हातातला रिकामा ग्लास बारक्याच्या हातात दिला. मुलीचा सख्खा मामा तो. त्याने ग्लास घेतला, दोन क्षण उभा राहिला, मग नेऊन ठेवून आला. वाटेत आणखी एकाने आपला दिला, तोही घेतला.

वहिनीने ते पाहिलं. जेवणं होईपर्यंत गप्प राहिली, आणि मग मिस्त्रींना गाठलं.

"मिस्त्री, एक सांगू? राग मानू नका. यांना हाताखालचा म्हणू नका आता. लोक ग्लास देतात."

मिस्त्रींच्या तोंडात घास होता. तो त्यांनी घाईने गिळला. "वहिनी, अहो, माझ्या मनात तसं काही..."

"मनात नसेल हो. तोंडात आहे. इतकी वर्षं बरोबरीने काम करताहेत. जोडीदार म्हणा."

मिस्त्री मोठ्या मनाचे. त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द टाकला तो टाकलाच. जोडीदार म्हणायला लागले. नुसतं तेवढ्यावर थांबले नाहीत. पूर्वी "पाना दे" म्हणायचे, ते "पाना देतोस का" म्हणायला लागले. "वर जा" म्हणायचे, ते "वर जातोस का" म्हणायला लागले. बारक्या घरी येऊन त्यांची नक्कल करायचा आणि हसून हसून ठसका लागायचा त्याला. "म्हातारा सभ्य झालाय," म्हणायचा. "तुझ्यामुळे."

ज्या इमारतीत तो गेला, तिथे शेजारीशेजारी दोन लिफ्ट होत्या, एकाच पोकळीतून वरखाली जाणाऱ्या. मध्ये भिंत नाही. त्यातली एक वरच्या मजल्यावर अडकली होती, दाराचं कुलूप लागत नव्हतं. बारक्या तिच्या छतावर उभा राहून कुलूप बघत होता. दुसरी लिफ्ट चालू होती. त्या लिफ्टचं लोखंडी वजन तिच्या उलट दिशेने वरखाली होत असतं. बारक्या वाकला, जरासा मागे सरकला, आणि वरून वजन आलं. एवढंच झालं. वहिनीला हे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरात घडल्यासारखं वाटायचं.

मिस्त्री अंत्यविधीला आले होते, कोपऱ्यात उभे होते. त्यानंतर घराकडे फिरकले नाहीत. त्यांच्या बायकोने फोन केला होता. "भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवा म्हटलं तर जेवतात, उठा म्हटलं तर उठतात. बोलत मात्र नाहीत."

वहिनी कामावर जातच होती. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा ते बरं. कपडे धुण्याचा कारखाना होता, इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या. ती घडीच्या टेबलावर होती. समोरासमोर दोन बायका, दोन टोकं धरायची, ताणायची, पुढे यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. चादरी गरम असायच्या. तिला ते आवडायचं, म्हणजे पूर्वी आवडायचं. आता हात आपोआप चालत आणि त्यांना ती लागत नसे.

त्या आठवड्यात एका दुपारी सुटी व्हायच्या सुमाराला मुकादम आला. भला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. "बायांनो, हा ढीग तेवढा संपवता का?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेला. समोरच्या बाईने पिशवी खांद्याला लावली होती, ती काढून परत खुंटीला अडकवली. वहिनीनेही चादरीचं टोक उचललं. घडी घालता घालता ती मध्येच थांबली.

"काय झालं?" समोरची म्हणाली. "ताण की."

"काही नाही," वहिनी म्हणाली आणि तिने चादर ताणली.

चौकशी एका सरकारी कचेरीतल्या लांबट खोलीत होती. टेबलं एकमेकांना जोडून ठेवलेली, त्यांच्या उंची सारख्या नव्हत्या. चौकशी अधिकारी बाई होत्या, त्यांना जबर सर्दी झाली होती. दर थोड्या वेळाने त्या माफ करा म्हणून नाक शिंकरायच्या. कंपनीचा वकील तरुण, नीटनेटका आणि फार अदबीचा होता. वहिनी बसेपर्यंत तो उभा राहिला. ताई कानात पुटपुटली, "गोड बोलून गळा कापणारा दिसतोय."

मिस्त्री समोर बसले होते. अंग उतरलं होतं, शर्ट खांद्यावरून ओघळला होता. त्यांनी वहिनीकडे एकदाच पाहिलं आणि मग ते टेबलांच्या सांध्याकडे बघत राहिले. आधी त्यांनाच विचारलं गेलं.

"मयत तुमच्या हाताखाली काम करायचे?" बाईंनी विचारलं.

"जोडीदार होता माझा."

"त्या दिवशी तुम्ही त्यांना वर जायला सांगितलंत?"

"विचारलं."

"शब्द काय होते? आठवतील तसे सांगा."

मिस्त्रींनी ओठ ओले केले. "'जातोस का?' म्हणालो."

"आणि ते?"

"'जातो की,' म्हणाला."

वकील अदबीने पुढे झुकला. "मिस्त्री, त्यांना नाही म्हणता आलं असतं, बरोबर?"

मिस्त्रींचे पंजे टेबलावर उताणे पडले होते.

"आलं असतं," ते म्हणाले.

ताईने वहिनीच्या दंडाला नखं रुतवली. वहिनीला ती लागली नाहीत. रात्री कपडे बदलताना तिला लाल चंद्रकोरी दिसल्या तेव्हा कळलं.

मग तिला बोलावलं. वकिलाने आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, "तुम्ही आमच्या माणसाला सांगितलंत की ते जोडीदार होते, हाताखालचे नव्हते. हे खरं ना?"

"खरं. म्हणाले मी."

"किंबहुना, मिस्त्रींनी त्यांना जोडीदार म्हणावं, असा आग्रह तुम्हीच धरला होता?"

"हो. मीच." एवढं बोलून ती थांबली, मग कोणी न विचारता पुढे म्हणाली, "लोक ग्लास द्यायचे म्हणून."

वकिलाला त्याचं काय करावं कळलं नाही. बाईंनी रुमाल बाजूला ठेवला.

"मला सांगा," त्या म्हणाल्या, "हाताखालचा म्हणजे तुमच्या मते काय?"

"म्हणजे..." वहिनीने आपल्या हातांकडे पाहिलं. "ज्याला नाही म्हणता येत नाही तो."

"पण त्यांना तर विचारलं होतं," वकील म्हणाला. "'जातोस का?' हा प्रश्न आहे, नाही का?"

"प्रश्नच आहे. आमच्या कारखान्यात मुकादम विचारतो, 'हा ढीग संपवता का?' फार चांगला माणूस आहे. आम्ही संपवतो. एक बाई एकदा नाही म्हणाली होती. तिचं पोर आजारी होतं. ती आता येत नाही कामावर."

तिचा आवाज चढला नव्हता, उतरला नव्हता. चादरींचा हिशेब सांगावा तशी ती बोलत होती.

"हे घरी मिस्त्रींची नक्कल करायचे. म्हणायचे, आधी म्हातारा 'वर जा' म्हणायचा, आता 'वर जातोस का' म्हणतो. जायचं ते जायचंच. हसायचे. मीही हसायचे. मला वाटलं होतं, शब्द बदलला म्हणजे झालं."

वकील काही बोलणार होता, पण वहिनीचं अजून संपलं नव्हतं. ती आता मिस्त्रींकडे बघत होती. त्यांच्या गळ्याची कातडी सैल झाली होती. हा माणूस आपल्याला आता आवडतो की नाही हे तिला ठरवता येईना. तिला फक्त एक गोष्ट आठवली आणि ती तिने सांगितली.

"हे कुरकुर करायचे मिस्त्रींच्या नावाने. म्हणायचे, म्हातारा फार किरकिरा आहे. दोन लिफ्ट असल्या की दोन्ही बंद केल्याशिवाय आत पाय टाकू देत नाही. लोक खाली शिव्या देतात, पण म्हातारा ऐकत नाही." ती बाईंकडे वळली. "मग त्या दिवशी एक चालू का होती? मिस्त्री आपल्या मनाने नाही ठेवायचे. त्यांना कोणी विचारलं?"

"हा आजचा विषय नाही," वकील पटकन म्हणाला. त्याची अदब जराशी घसरली.

"मला वाटतं, आहे," बाई म्हणाल्या, आणि शिंकल्या. शिंक ओसरल्यावर त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. "मिस्त्री?"

वकील मिस्त्रींकडे रोखून बघत होता. कंपनीचा तो छत्रीवाला माणूस मागे बसला होता, त्याने खुर्ची सरकवली. मिस्त्रींनी उताणे पंजे पालथे केले, टेबलावर टेकवले, जणू उठायचंय. उठले नाहीत.

"ऑफिसातून साहेबांचा फोन होता," ते म्हणाले. "मी म्हटलं, दोन्ही बंद करतोय. ते म्हणाले, 'अहो मिस्त्री, सकाळची गर्दीची वेळ. इमारतवाले आधीच ओरडताहेत. एक तरी चालू ठेवता येईल का, बघा ना.'"

"म्हणजे त्यांनीही विचारलंच," वकील म्हणाला.

"विचारलंच."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"'ठेवतो' म्हणालो." मिस्त्रींनी टेबलावरचे पंजे मागे घेतले. "या वर्षी मला काढणार, अशी कुजबुज होती. पोट सुटलंय, वर चढत नाही, दोन माणसांचं काम एकाला जमतं, असं. मी ठेवतो म्हणालो. मग याला येऊन म्हणालो, एक चालूच राहणार आहे, जातोस का. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं ते. तो म्हणाला, जातो की."

"साहेबांचे तुम्ही कोण लागता, मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

"हाताखालचा."

"आणि मयत तुमचे कोण?"

"माझ्या हाताखालचा होता," मिस्त्री म्हणाले. "जोडीदार मी नुसतं म्हणायचो. वहिनींनी सांगितलं म्हणून."

नंतर त्यांना पाणी दिलं. ग्लास दोन्ही हातांत धरून ते प्यायले तरी थोडं शर्टावर सांडलं.

बाहेर आल्यावर ताई वहिनीच्या गळ्यात पडली आणि कचेरीच्या पायऱ्यांवर ओक्साबोक्शी रडली. "काय बोललीस गं! आयुष्यभर वकिलांची बडबड टाइप केली मी, पण असं कोणी बोललं नाही." वहिनी तिच्या पाठीवर थोपटत राहिली. पायऱ्यांच्या खाली एक माणूस गाडीचं चाक बदलत होता. तो चाक बदलून निघून गेला तरी ताई रडत होती.

निकाल पुढच्या ऋतूत लागला. ताईने कचेरीत चकरा मारून मारून तो मिळवला आणि वाचून दाखवला. मयताची चूक नाही, असं त्यात स्पष्ट होतं. वरिष्ठाच्या सांगण्यावरून तो गेला. सांगणं प्रश्नाच्या रूपात असलं तरी ते सांगणंच होतं. मिस्त्रींची चूक होती. ऑफिसची त्याहून मोठी होती. कंपनीने वर दाद मागणार म्हणून कळवलं, मग मागितली नाही. साहेबांची दुसऱ्या गावच्या ऑफिसात बदली झाली, तीही म्हणे जरा वरच्या जागेवर. ताईने त्यांना निवडक शिव्या दिल्या. मिस्त्रींना कामावरून काढलं.

"बारक्याच्या नावाला लागलेला डाग तरी पुसला," ताई म्हणाली. "तुला बरं नाही वाटत?"

"वाटत असेल," वहिनी म्हणाली.

"असेल म्हणजे?"

"म्हणजे वाटायला हवं, हे कळतंय मला. ताई, तू जेवून जा."

ताई जेवून गेली. दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर गेली, तिसऱ्याही दिवशी गेली. मध्ये एकदा बारक्याचे शर्ट काढून उन्हात घातले आणि घड्या घालून परत ठेवले. कॉलर घासलेली होती दोन-तीन शर्टांची. फेकायला हवे होते ते केव्हाच. तो फेकू द्यायचा नाही.

मग सुटीच्या एका दुपारी मिस्त्री आले. जिना चढून धाप लागली होती, दारात उभे राहून त्यांनी आधी श्वास घेतला. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट होता, त्यात ते लहान दिसत होते. वहिनीने बटाटे उकडत लावले होते. तिने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली.

"कसे आहात?" तिने विचारलं.

"बरा आहे. जावयाच्या दुकानात बसतो आता. सकाळी दुकान उघडून देतो." थोडं थांबून ते म्हणाले, "वहिनी, मला साहेबांना नाही म्हणता आलं असतं."

"हो."

"कामावरून काढलं असतं फार तर. तसंही काढलंच."

"हो."

"आणि चौकशीत आधी जे जोडीदार, जोडीदार म्हणालो, ते कंपनीने पढवलं होतं. तू तेवढं म्हण, तुझं आम्ही बघू, म्हणाले."

"कळलं होतं ते मला."

मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ते कशासाठी आले होते हे तिला दिसत होतं. तिने घरातून हाकलून द्यावं, नाहीतर झालं गेलं म्हणावं. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं त्यांना. तिने स्वतःच्या आत शोधून पाहिलं. डब्यात हात घालून तळ खरवडावा तसं. काही हाताला लागलं नाही.

"मिस्त्री, तुम्ही आलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण मला राग येत नाहीये. रडूही येत नाही. काहीच येत नाही. तुमच्यासाठी काही काढून देता येईना, म्हणून सांगते. आत काही आहे असं धरून मी बोलले तर खोटं होईल."

मिस्त्रींनी मान खाली घातली. बटाट्यांच्या पातेल्यावरचं झाकण वाजत होतं.

"मला म्हणायचा तो," ते म्हणाले, "की घरी गेलो की पाय कापतात. छतावर उभं राहून. इतक्या वर्षांनंतरही. तुम्हाला नसेल सांगितलं."

"नाही," वहिनी म्हणाली. "मला वाटायचं, यांना उंचीचं काहीच वाटत नाही."

"वाटायचं. रोज वाटायचं." ते उठले. "परत येऊ का मी कधी?"

वहिनीने विचार केला. खरोखर विचार केला, कारण त्यांनी खरोखर विचारलं होतं.

"सध्या नको," ती म्हणाली.

"बरं."

"तुमच्या घरच्यांना म्हणावं, फोन करत जा."

"सांगतो."

ते जिना उतरायला लागले. प्रत्येक वळणावर थांबत होते. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती, पार खालचा दरवाजा वाजेपर्यंत. मग ती आत आली. पातेल्यातलं पाणी आटलं होतं आणि खालचे बटाटे करपले होते. तिने वरचे काढून घेतले, सोलले, मीठ घातलं आणि उभ्याउभ्याच खायला लागली. मीठ जास्त झालं होतं. तिने आणखी एक बटाटा कुस्करून त्यात मिसळला.